पूजेला बसलेलं नाणं

आमच्या खंडोबाला मी डोळे मिटून ओळखतो. डोळे उघडे होते तेव्हा मात्र चुकलो, आणि तेही भर दुपारी, इंग्लंडात वॉटफर्डबाहेरच्या एका नांगरलेल्या शेतात.

आधी माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मोठी अपेक्षा ठेवायला नको. शाळा माझी सातवीत सुटली. घरचे म्हणतात परिस्थितीमुळं सुटली. खरं म्हणजे माझ्यामुळं मास्तरांची परिस्थिती बिघडायला लागली होती. बायको नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी मागोमाग आलो, हातातल्या बॅगेसारखा. आता तिथंच पोर्टर आहे. पेशंटला वॉर्डातून एक्सरेला न्यायचं, एक्सरेतून वॉर्डात आणायचं. एकदा एका गृहस्थांना व्हीलचेअरवर बसवून पार एक्सरेच्या दारात नेलं. ते पेशंटच नव्हते, बायकोला भेटायला आले होते. बिचारे म्हणाले, "राइड मात्र छान झाली."

तर आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, एक इंग्रज आजोबा राहायचे. रिटायर्ड बस ड्रायव्हर. बायको वारलेली, एकच मुलगी, ती बेसिंगस्टोकला. पहिल्या दिवशी मी आदरानं "अंकल" म्हटलं, तर म्हणाले, "मी कुणाचा अंकल नाही." तेव्हापासून मनातल्या मनात आजोबा आणि तोंडानं नुसतं "हॅलो". त्यांचं बोलणं मी इथं मराठीतच सांगतो, नाहीतर माझं इंग्रजी उघडं पडेल.

आजोबांना एकच नाद. रविवार आला की मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जायचं. लांब दांडी, टोकाला ताटलीएवढी चकती. ती मातीवरून झाडू मारल्यासारखी फिरवायची, खाली धातू असला की मशीन कुंईं करतं. शेत एका ओळखीच्या शेतकऱ्याचं, त्याची परवानगी होती, काही चांगलं सापडलं तर त्याला सांगायचं असा ठराव. पुढं आजोबांचे गुडघे गेले आणि खणायला वाकता येईना. एके दिवशी कुंपणावरून मला म्हणाले, "तुला खणता येतं का?"

मी म्हटलं, "तेवढंच येतं."

तसं आमचं जमलं. ते ऐकायचे, मी खणायचो. फक्त खणून झाल्यावर खड्डा बुजवायचा, माती नीट पायानं दाबायची, हा त्यांचा कायदा मला काही जमायचा नाही. एक खड्डा झाला की माझं लक्ष पुढच्या कुंईंकडं. मागून त्यांचा आवाज यायचाच, "आणि हा कोण बुजवणार? इंग्लंडची राणी?"

सापडायचं काय, तर कोटाची बटणं, बियरच्या कॅनची झाकणं, बंदुकीच्या गोळ्या, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा नट. रोमन लोकांची तांब्याची नाणीही सापडायची, हिरवी, खडबडीत, वाळलेल्या शेवाळासारखी. आजोबा ती अंगठ्यानं चाचपायचे आणि म्हणायचे, "तांब्यावरचे देव माती खाते. चांदीवरचे राहतात." त्यांना एक चांदीचं रोमन नाणं पाहिजे होतं, देव असलेलं. विकत नको. विकत तर दुकानात मिळतं म्हणायचे. मातीतून पाहिजे. बायकोला त्यांनी शब्द दिला होता, सापडलं की पहिलं तुला दाखवीन. ती दर रविवारी विचारायची, ते दर रविवारी बटणं दाखवायचे. तशातच ती गेली.

आणि आता आजोबांचंही इथलं आटपत आलं होतं. घर विकलं, मुलगी त्यांना स्वतःकडं नेणार होती. फ्लॅट, तिसरा मजला, बाल्कनीसकट. "बाल्कनीत काय सापडणार?" आजोबा म्हणाले. शनिवारी व्हॅन येणार होती. त्याच्या आधीचा रविवार म्हणजे त्यांचा शेवटचा.

आता माझ्या देवाचं सांगतो. आमच्याकडं देवघरात टाक असतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. आमचा खंडोबा घोड्यावर, बरोबर म्हाळसा, हातात शस्त्र, वर चंद्रसूर्य आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. घराण्याचे टाक मोठ्या भावाकडं राहिले, रीतच तशी आहे. धाकट्यानं वेगळं घर केलं की नवीन करून घ्यायचे. मी वेगळं घर केलं तेही सातासमुद्रापार, पण टाक करायचा राहिला. दर वेळी गावी जायचो, सोनाराच्या दुकानासमोरूनच जायचो, आणि भेळ खाऊन परत यायचो. इकडं देवघरात खंडोबाच्या जागी सुपारी. बायको रोज तिला हळद लावताना माझ्याकडं बघायची. काही बोलायची नाही. नर्सला न बोलता इंजेक्शन देता येतं.

तो रविवार थंड, पण ऊन पडलेलं. इथलं हिवाळ्याचं ऊन म्हणजे सरकारी ऑफिसातल्या साहेबासारखं, समोर दिसतं, उपयोग काही नाही. सकाळपासून आम्हाला दोन बटणं आणि एक चमचा मिळाला होता. शेताच्या खालच्या अंगाला ओढा आहे, त्याच्या काठानं आम्ही चाललो होतो. मशीन वाजलं. एरवीसारखं कुंईं नाही, जरा बारीक, गोड. आजोबा थांबले, परत चकती फिरवली. परत तसंच. "इथं," म्हणाले. "हळू खण."

मी हळू खणलं. म्हणजे माझ्या मानानं हळू. ढेकूळ हातात घेऊन फोडलं तर आतून काहीतरी पडलं, गोल, काळपट, पाच पेनीच्या नाण्याएवढं पण जाड. थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं.

आणि माझ्या अंगावर काटा आला.

घोडा. पुढचे पाय हवेत, मान ताणलेली. घोड्यावर दोघं. हातात भाला का तलवार काहीतरी. डोक्यावर दोन ठिपके चमकत होते, चंद्रसूर्य. आणि घोड्याच्या पायाखाली, मोहरीएवढं डोकं असेल त्याचं, कुत्रा! पुढचा पाय उचलून पळणारा कुत्रा.

मी उलटं करून बघितलं. मागं एका बाईचं तोंड, डोक्यावर काहीतरी फडफडणारं. म्हटलं, बाणाई. धनगराची लेक, खंडोबाची दुसरी बायको, वाऱ्यानं पदर उडालाय. आता टाकाच्या मागं कधी कुणी दुसरी बायको काढतं का? पण मला वाटलं, बरोबरच आहे, सवती एका बाजूला कशाला बसतील! टाक चौकोनी असतो, हा गोल, तर म्हटलं झिजून गोल झाला. टाक पत्र्यासारखा पातळ असतो, हा जाड, तर म्हटलं पूर्वी चांदी स्वस्त असेल. इथं आला कसा? तर झिजलेला टाक आपल्यात नदीत सोडतात. इथल्या कुण्या मराठी माणसानं ओढ्यात सोडला असणार. बघा, एवढ्या शंका आल्या आणि एवढी उत्तरं मीच दिली. शाळेत एकाचंही देता येत नव्हतं.

चांदीच्या रोमन नाण्याची गोष्ट मी दर रविवारी ऐकत होतो, पण माझ्या डोक्यातलं ते नाणं बशीएवढं होतं.

मी तो देव कपाळाला लावला. ओरडलो, "येळकोट येळकोट जय मल्हार!" पलीकडच्या रानातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. डोळ्यात पाणी आलं, ते थंडीचं का कशाचं मला माहीत नाही.

आजोबांनी हात पुढं केला. मी त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. खूप वेळ बघत राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"माझा देव," मी म्हटलं. "आमच्या घरचा. घोड्यावर बसतो. बरोबर बायको."

"आणि हा कुत्रा?"

"कुत्रा तर पाहिजेच. कुत्र्याशिवाय तो कुठं जात नाही."

"तुझी खात्री आहे?"

"शंभर टक्के."

ते त्या एवढ्याशा कुत्र्याकडं बघत होते. मग माझी मूठ उघडून त्यांनी ते आत ठेवलं आणि मूठ मिटवली. म्हणाले, "मग घरी ने त्याला."

मी दोन्ही हातांच्या ओंजळीत देव घेऊन तडक गाडीत जाऊन बसलो. आजोबा बऱ्याच वेळानं आले. पँटच्या गुडघ्यांना माती लागली होती. पडले की काय, असं मनात आलं, पण विचारायचं सुचलं नाही. देव मिळालेल्या माणसाला म्हाताऱ्याचे गुडघे कुठले दिसतात!

घरी आल्यावर बायकोनं आधी हात धुतले, मग देव हातात घेतला. मी म्हटलं चिंच लावून लख्ख घासतो. ती म्हणाली, "अहो, हात नका लावू. आधीच किती झिजलाय. तुम्ही घासलात तर घोडा तेवढा राहील." मग तिनं दूध, दही, तूप, मध, साखर घातलेल्या पंचामृतानं आंघोळ घातली, मऊ कपड्यानं टिपलं आणि सुपारीच्या जागी ठेवलं. समई लावली. आम्ही दोघं समोर बसलो. समईची ज्योत हलली की घोडा हलायचा. खरंच सांगतो. इतक्याशा जागेत कुणी एवढा घोडा मावेल असा बसवला असेल, त्याच्या पोटाखाली कुत्र्यालाही जागा दिली असेल, त्या माणसाचे हात कसे असतील, असं मला वाटत राहिलं.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "सोनारापेक्षा शेत बरं. निदान तिथं भेळ मिळत नाही."

त्याच आठवड्यात गुरुवारी चंपाषष्ठी होती. खंडोबाची तळी भरायची ती तेव्हा. ताटात देव, खोबरं, भंडारा ठेवायचा आणि पाच पुरुषांनी मिळून ते ताट येळकोट म्हणत उचलायचं. इतकी वर्षं आम्ही सुपारीवर भागवत होतो, आता खरा देव आला होता. बायकोनं हॅरोहून बाजरीचं पीठ आणलं, वांगी भाजली, तेव्हा स्मोक अलार्म वाजला, तो मी टॉवेलनं वारा घालून गप्प केला. हॉस्पिटलातले आपले तिघं येणार होते, एक डॉक्टर, दोन माझ्यासारखे. मी चौथा. पाचवा माझा दोस्त, कम्प्युटरवाला, वाचणारा माणूस. पण तो बौद्ध आहे. फोन केला तर म्हणाला, "जय भीम. हे बघ, मी येळकोट म्हणणार नाही, ताटाला हात लावणार नाही. तुझा देव तुला, पण भरीत मला. येतोय."

पाचवा कुठून आणायचा? बायको म्हणाली, "शेजारी आहेत की. शनिवारी जायचेत, जेवायलाही बोलावलं पाहिजे."

आमचे डॉक्टर म्हणाले, "ते चालतील का पण?"

"खंडोबाला कोण चालत नाही?" बायको म्हणाली. डॉक्टरांनी मान डोलावली. वॉर्डातही ते तिच्यापुढं मानच डोलावतात.

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बूट दाराबाहेर काढले, मोज्याला अंगठ्याजवळ भोक. मी त्यांना सांगितलं, आम्ही उचलू तेव्हा उचला, आम्ही ओरडू तेव्हा ओरडा. त्यांनी ताटात बघितलं. मधोमध तो देव, भोवती खोबऱ्याच्या वाट्या. त्यांनी ताटाची कड धरली, बस चालवणारा माणूस स्टिअरिंग धरतो तशी, दोन्ही हातांनी.

"सदानंदाचा…" मी सुरू केलं.

"येळकोट!" आम्ही चौघं.

"येल-कॉट!" आजोबा, एक क्षण उशिरा.

ताट वर, खाली, वर. भंडारा उधळला. पिवळाधमक. घरमालकाचा गालिचा फिकट रंगाचा आहे, होता. भंडारा आजोबांच्या पांढऱ्या केसांत बसला, डॉक्टरांच्या टकलावर बसला, आणि ताटातल्या देवावर तर मूठभर पडला. माझा दोस्त ऑफिसच्या शर्टाला जपत खिडकीपाशी उभा होता.

पंगत बसली, सगळे भरतावर तुटून पडले. मला दोस्ताला देव दाखवल्याशिवाय राहवेना. देवावरचा भंडारा मी हलक्या हातानं झटकला. वरवरचा उडाला, पण खाचांमध्ये हळद बसून राहिली. आणि काय दिसलं सांगू! जे आधी काळं काळं होतं ते उठून आलं. दोघांचे चेहरे उठले, घोड्याची आयाळ उठली. पंजा उचललेल्या कुत्र्याच्या अंगावरची एक एक बारीक रेघ पिवळी झाली. आणि सगळ्यात खाली, घोड्याच्या पायांखाली, चार इंग्रजी अक्षरं.

"बघ," मी म्हटलं, "आमचा देव."

दोस्तानं फोनचा लाइट लावला, नाकापाशी नेलं. त्याचा घास तोंडातच राहिला.

"इथं लिहिलंय काहीतरी."

"सोनाराचं नाव असेल."

"सोनाराचं नाव रोमा आहे?"

मी म्हटलं, "असेल. काय नावं ठेवतात हल्ली."

"अरे, हा एक घोडा नाही. दोन आहेत, एकाला एक लागून. डोकी मोज." मग त्यानं उलटं केलं. "आणि ही कोण?"

"बाणाई."

"बाणाईनं हेल्मेट का घातलंय?"

डॉक्टरांना ठसका लागला. बाकीचे दोघं उठून आले. लाइटखाली मी परत बघितलं, आणि जसं अंधारात जिना संपल्यावर पाय खाली पडतो तसं मला कळलं. पदर नव्हता तो. हेल्मेटला पंख होते. आणि मग मी मान वळवली तर आजोबा खुर्चीत बसून वांग्याचं भरीत खात होते, तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि शनिवारी व्हॅन येणार होती. सगळ्या आयुष्यात त्यांना मातीतून एकच गोष्ट पाहिजे होती. ती त्यांच्या मशीननं शोधली, त्यांच्या हातात आली, आणि मी ती माझ्या देवघरात नेऊन ठेवली होती.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. ते नाणं पुढं धरलं. इंग्रजी सगळं पळून गेलं. कसंबसं म्हटलं, "हे माझं नाही. हे तुमचं ते आहे. रोमन. चांदीचं. मी गाढव आहे."

आजोबांनी रुमालानं डोळे पुसले. "पाणी मिळेल का?" म्हणाले. बायकोनं दिलं. ते सगळं प्याले. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"ढेकूळ फुटलं तेव्हापासून. आवाजावरूनच वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तेवढ्यात तू ते कपाळाला लावलंस." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "इतकी वर्षं शोधतोय, पण सापडल्यावर काय करायचं ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. डबीत ठेवलं असतं बहुतेक."

मी म्हटलं, "पण नियम आहेत ना? शेतकरी? म्युझियम?"

"शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी फोन केला. म्युझियमच्या बाईलाही केला, त्या नोंद करून घेतात. म्हटलं, नाणं मिळालंय पण सध्या पूजेला बसलंय, उठलं की आणतो. त्या म्हणाल्या, असं कारण पहिल्यांदाच ऐकलं, पण हरकत नाही. फक्त कशानं धुऊ नका."

मी बायकोकडं बघितलं. तिनं छताकडं बघितलं.

"धुतलं का?" आजोबांनी विचारलं.

"थोडं," मी म्हटलं. "दुधानं. दह्यानं. तुपानं. मधानं. साखरेनं."

आजोबा डोळे मिटून बसले. "हे त्यांना आपण सांगायला नको," म्हणाले.

मग आम्ही सगळे त्यांच्याभोवती गालिच्यावर बसलो, पिवळ्या गालिच्यावर, आणि त्यांनी सांगितलं. हे दोघं सख्खे जुळे भाऊ, कॅस्टर आणि पोलक्स. एकाला मरण होतं, दुसऱ्याला नव्हतं. पहिला मेला तेव्हा दुसरा बापाकडं, म्हणजे सगळ्यात मोठ्या देवाकडं गेला आणि म्हणाला, माझं अमरपण निम्मं त्याला दे. डोक्यावर आहेत ते चंद्रसूर्य नव्हेत, दोघांचे दोन तारे. रोमन लोक लढाईत अडचणीत आले की हे दोघं पांढऱ्या घोड्यांवरून यायचे. एकदा लढाई झाली दूर कुठंतरी, आणि त्याच संध्याकाळी शहरातल्या झऱ्यावर दोन अनोळखी तरुण घोड्यांना पाणी पाजताना लोकांनी बघितले. "जिंकलो," एवढंच सांगितलं आणि दिसेनासे झाले. मागची बाई म्हणजे रोमा, त्या शहराचीच देवी. आख्खं शहर म्हणजे एक बाई.

"आणि कुत्रा?" मी विचारलं. मला कुत्र्याचीच काळजी.

"कुत्र्याचं नक्की कुणालाच माहीत नाही. नाणं पाडणाऱ्या माणसाची खूण असेल."

दोस्तानं ते तळहातावर घेतलं होतं, परत द्यायला तयार नव्हता. ताटाला हात लावणार नाही म्हणणारा माणूस! तो म्हणाला, "दोन हजार वर्षांच्या वरचं आहे हे. तुला माहितीये, अशी नाणी आपल्याकडं यायची जहाजातून. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत, दान देणाऱ्यांची. एक नाणं तिकडं गेलं असेल, त्याच्या शेजारी पाडलेलं हे इकडं आलं असेल."

मी मनात म्हटलं, एक पुण्याकडं, एक वॉटफर्डकडं. ज्याच्या कमरेच्या पिशवीतून ते ओढ्याकाठी पडलं, त्यानं शोधलं असेल का? चिखलात हात घातला असेल. नसेल सापडलं. वर गवत आलं, नांगर आले, ती सगळी माणसं गेली, त्यांचे देव कुणी पूजेना झालं, आणि हे दोघं भाऊ मातीच्या पोटात तसेच दौडत राहिले, कुत्र्यासकट, शेवटी एका सातवी नापासानं वर काढून त्यांच्यावर दही ओतलं. इतक्या काळानंतर कुणीतरी त्यांच्यासमोर दिवा लावला होता. चुकून का होईना. मला हसू यायला पाहिजे होतं, पण हात जोडले गेले. डॉक्टरांचेही गेले. आम्ही कुणाला जोडतोय ते कुणीच कुणाला विचारलं नाही.

प्रश्न एवढाच राहिला की बसवलेला देव उठवायचा कसा. ते बायकोनं बघितलं. नाणं परत देवघरात ठेवलं, वर अक्षता वाहिल्या, "चुकलंमाकलं सांभाळून घ्या, परत या" म्हणाली आणि बोटानं ते जागचं जरासं हलवलं. गणपतीला निरोप देताना करतात तसं. मग उचलून आजोबांच्या तळव्यावर ठेवलं. सुपारी आपल्या जागी परत आली. तिनं माझ्याकडं बघितलं. इंजेक्शन.

आजोबा उठले. भरीत अर्धं ताटात तसंच. "बायकोला पहिलं दाखवायचं ठरलं होतं," म्हणाले, "ती आता सातव्या-आठव्या नंबरवर गेली. पण दाखवतो." मोज्यांनीच बाहेर पडले आणि त्यांच्या घरात गेले. भिंतीला भिंत आहे, पण काही ऐकू आलं नाही. त्यांच्या रिकाम्या पुढच्या खोलीत दिवा लागला, बराच वेळ राहिला, मग विझला. परत आले तेव्हा त्यांनी बायकोकडं आणखी भरीत मागितलं.

निघताना मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. केसांत अजून भंडारा होता. नाणं शर्टाच्या खिशात, वरून हात ठेवलेला. मला वाटलं, अशा वेळी माणसानं काहीतरी मोठं बोललं पाहिजे. घसा साफ केला आणि म्हटलं, "आपल्या दोघांना प्रत्यक्ष देव भेटले बघा."

त्यांनी बूट घालून नाड्या बांधल्या, एक एक गुडघा धरत सरळ झाले आणि म्हणाले, "देवाचं राहू दे. त्या दिवशी तू खड्डा उघडाच टाकून गेलास. तो मी बुजवला, ह्या गुडघ्यांवर बसून. खड्डा बुजवायला शीक आधी."